कारखाना परत आला, नोकऱ्या किती आल्या?

अमेरिकेसारखा श्रीमंत देश स्वतःचा फोन स्वतः का बनवत नाही? हा प्रश्न शाळकरी मुलाला पडतो तसाच तो अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनाही पडला होता. फेब्रुवारी २०११ मध्ये सिलिकॉन व्हॅलीतल्या एका जेवणाच्या वेळी बराक ओबामा यांनी स्टीव्ह जॉब्स यांना थेट विचारलं, की आयफोन अमेरिकेत बनवायचा तर काय करावं लागेल? त्या नोकऱ्या आता परत येणार नाहीत, असं जॉब्स यांनी सांगितल्याचं पुढच्या वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलं.

त्यानंतर ओबामा, ट्रम्प, बायडन आणि पुन्हा ट्रम्प, सगळ्यांनीच हे उत्तर खोटं पाडण्याचा प्रयत्न केला. कुणी अनुदान दिलं, कुणी आयातकर लावला, कुणी उद्योगपतींना शेजारी उभं करून मोठमोठे आकडे जाहीर केले. काही कारखाने खरोखर आले. काही कागदावरच राहिले. जे आले त्यांनी नोकऱ्या किती आणल्या आणि त्या कुणाला मिळाल्या, हे तपासलं की जॉब्स यांचं उत्तर अर्धं खरं ठरतं. उरलेलं अर्धं समजायला, नोकऱ्या गेल्या कशा इथून सुरुवात करावी लागते.

१. नोकऱ्या गेल्या त्या टप्प्याटप्प्याने

चीनने एका फटक्यात अमेरिकेचे कारखाने पळवले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात चीनचं नाव या गोष्टीत बरंच उशिरा येतं.

न्यू जर्सीतल्या कॅम्डेन शहरात आरसीए कंपनी रेडिओ बनवत असे. तिथे कामगार संघटना बळकट झाली आणि १९३६ मध्ये मोठा संप झाला. १९४० मध्ये कंपनीने काम इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनला हलवलं. तिथेही मजुरी वाढू लागली तेव्हा १९६६ मध्ये दक्षिणेत मेम्फिसला नवा कारखाना काढला. तो जेमतेम पाच वर्षं चालला, कारण दरम्यान कंपनी सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या हुआरेझला पोहोचली होती. ब्लूमिंग्टनचा टीव्हीचा कारखाना १९९८ पर्यंत तग धरून होता, मग तोही बंद झाला. म्हणजे काम देशाबाहेर जाण्याआधी देशातल्या देशातच स्वस्त मजुरीच्या मागे फिरत होतं.

चिपची गोष्टही अशीच. सिलिकॉन व्हॅलीतल्या फेअरचाइल्ड कंपनीने चिप जोडण्याचं काम १९६३ मध्येच हाँगकाँगला नेलं होतं. ॲपलने मात्र १९८४ मध्ये मॅकिन्टॉशसाठी कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटला स्वतःचा कारखाना उभारला. तो १९९२ मध्ये बंद झाला, आणि २००४ मध्ये त्याच राज्यातल्या एल्क ग्रोव्ह इथलं उत्पादनही थांबलं.

मधल्या काळात, डिसेंबर २००१ मध्ये, चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला आणि उतार एकदम तीव्र झाला. १९७९ मध्ये अमेरिकेच्या कारखान्यांत सुमारे १ कोटी ९५ लाख माणसं होती. २००० मध्येही ती १ कोटी ७० लाखांच्या वर होती. २०१० च्या सुरुवातीला उरली सुमारे १ कोटी १५ लाख. आज हा आकडा सव्वा कोटीच्या थोडा पुढे आहे. दर बारा नोकरदारांत जेमतेम एक. या घटीत यंत्रांचाही वाटा मोठा आहे. १९७९ पेक्षा आज अमेरिकेचे कारखाने कितीतरी जास्त माल बनवतात, फक्त तो बनवायला माणसं कमी लागतात. गेलेल्या नोकऱ्यांतल्या काही परदेशी गेल्या आणि काही कुठेच गेल्या नाहीत, त्या संपल्या. परत आणण्याची भाषा करताना हा फरक सहसा कुणी सांगत नाही.

२. मजुरीचा हिशोब

मग अमेरिकेतली मजुरी महाग म्हणून फोन तिथे बनत नाही, एवढंच ना? एक छोटं गणित करून पाहू.

२००९ मधल्या आयफोन थ्रीजीच्या सुट्या भागांचा हिशोब शिंग युकिंग आणि नील डेटर्ट या अभ्यासकांनी मांडला होता. कारखान्यातून बाहेर पडताना त्या फोनचा खर्च होता १७८.९६ डॉलर. त्यात चीनमधल्या जोडणीची मजुरी होती फक्त ६.५० डॉलर. बाकीचे पैसे जपान, जर्मनी, कोरिया आणि खुद्द अमेरिकेत बनलेल्या भागांचे होते.

आता अमेरिकेतली मजुरी दसपट धरू. ६.५० चे होतील ६५. फोनचा खर्च ५८.५० डॉलरने वाढून सुमारे २३७ डॉलर होईल. तो ५०० डॉलरला विकला तरी निम्म्याहून जास्त पैसे हातात राहतात. नफा कमी होईल, पण कंपनी बुडणार नाही.

म्हणजे केवळ मजुरी हे कारण असतं तर ॲपलला जॉब्स यांच्या हयातीतच परत येता आलं असतं. खरी अडचण त्या साडेसहा डॉलरच्या बाहेर आहे.

३. एक स्क्रू

ही अडचण टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात उघडी पडली. ॲपलने २०१३ मध्ये मॅक प्रो हा महागडा संगणक अमेरिकेत जुळवणार असल्याचं अभिमानाने जाहीर केलं. जागा होती, पैसा होता, कामगार होते. अडलं ते एका खास मापाच्या छोट्या स्क्रूपाशी.

चीनमध्ये असा स्क्रू हजारोंच्या संख्येने दुसऱ्या दिवशी हजर होतो. ऑस्टिनमध्ये ज्या वर्कशॉपवर भिस्त होती तिथे वीसेक माणसं होती आणि दिवसाला फार तर १,००० स्क्रू निघत. आणखी पुरवठादार शोधताना जवळच्या लॉकहार्ट गावातलं एक वर्कशॉप सापडलं. तिथे एकेकाळी ठोक प्रमाणात स्क्रू काढणारी जुनी यंत्रं होती. पण ठोक मागणी चीनकडे वळल्यावर मालकाने ती काढून टाकली होती आणि थोड्या नगांची, जास्त बारकाईची कामं करणारी यंत्रं घेतली होती. त्यांच्यावर अशा कामाचा वेग बसत नव्हता. त्या वर्कशॉपने २८,००० स्क्रू दिले खरे, पण ते अनेक खेपांत, आणि कित्येकदा मालक स्वतःच्या गाडीत खोकी टाकून पोहोचवायला जात असे. संगणकाची विक्री या आणि इतर अडचणींमुळे लांबली.

लॉकहार्टच्या त्या मालकाने चूक काहीच केली नव्हती. गिऱ्हाईक गेलं म्हणून त्याने यंत्रं बदलली; धंदा टिकवायचा तर कुणीही तेच करील. अशीच यंत्रं हजारो वर्कशॉपांतून निघाली, जागा गोदामांना गेल्या, चालवणारे निवृत्त झाले. मोठा कारखाना हलला की त्याच्याभोवतीचा छोट्या पुरवठादारांचा शेजार विरतो. स्क्रू, स्प्रिंगा, साचे, रबरी वायसर, खोकी, चिकटपट्ट्या, यंत्राला धार लावून देणारा, रात्री फोन केला तर येणारा मेकॅनिक, हे सगळं त्या शेजारात मोडतं. चीनमधल्या शेनझेनच्या परिसरात तो दाटीवाटीने आहे. आराखड्यात सकाळी बदल केला तर नवा नमुना दिवसभरात हातात पडतो. ऑस्टिनमध्ये त्यासाठी आठवडे लागतात.

याच शेजाराला पुरवठासाखळी म्हणतात. पण साखळी म्हटलं की एकामागे एक अशा कड्या डोळ्यांसमोर येतात आणि एक कडी उचलून दुसरीकडे बसवता येईल असं वाटतं. इथे तसं नसतं; प्रत्येक छोटा उद्योग दहा मोठ्यांवर जगतो आणि प्रत्येक मोठा शंभर छोट्यांवर. एकट्या ॲपलच्या मॅक प्रोसाठी स्क्रूचा नवा कारखाना काढणं कुणाला परवडणार? त्या संगणकाचा खपच मर्यादित. गिऱ्हाइकं पुरेशी नाहीत म्हणून पुरवठादार येत नाहीत, आणि पुरवठादार नाहीत म्हणून गिऱ्हाईक येत नाही. मोटोरोलानेही २०१३ मध्येच टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला मोटो एक्स फोन जुळवायला सुरुवात केली होती. सुट्या भागांपैकी बहुतेक आशियातून येत. खप अपेक्षेपेक्षा कमी झाला आणि २०१४ संपायच्या आत कारखाना बंद झाला.

चीनमधल्या वेगाची एक कहाणी नेहमी सांगितली जाते. पहिल्या आयफोनचा पडदा ऐनवेळी प्लास्टिकऐवजी काचेचा करायचं ठरलं. काचा मध्यरात्री कारखान्यात पोहोचल्या, तेव्हा मुक्कामाच्या खोल्यांतून ८,००० कामगारांना उठवलं गेलं, प्रत्येकाला चहा-बिस्किट दिलं आणि अर्ध्या तासात बारा तासांची पाळी सुरू झाली. एका माजी अधिकाऱ्याने सांगितलेली ही हकिकत ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आली, आयफोन जुळवणाऱ्या फॉक्सकॉन कंपनीने ती नाकारली. अमेरिकी उद्योगजगतात ती कौतुकाने सांगितली गेली, हे मात्र क्लेशदायक आहे. याच फॉक्सकॉनच्या शेनझेनमधल्या वसाहतीत २०१० मध्ये तरुण कामगारांच्या आत्महत्यांची मालिका घडली आणि इमारतींना जाळ्या लावाव्या लागल्या. अमेरिकेने नोकऱ्या परत आणायच्या त्या अशा नव्हेत. कुठल्याच देशाने अशा नोकऱ्यांची आस धरू नये.

४. हातात मुरलेलं ज्ञान

शेजार पैशाने हळूहळू उभारता येईल असं मानू. तरी एक गोष्ट उरते, आणि ती नकाशात किंवा माहितीपुस्तिकेत सापडत नाही.

ज्या घरात वीस वर्षं दिवाळीची चकली विकत आणली, त्या घराने यंदा ती घरी करायची ठरवली तर सोऱ्या दुकानात मिळतो, भाजणीही मिळते, कृती तर फोनवरच असते. तरी पहिला घाणा फसतो. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी झालं की दगड होते, आणि पीठ किती मळून थांबायचं ते मळणाऱ्या बोटांनाच कळतं. ती बोटं ज्या आजीची होती तिच्या शेजारी उभं राहून कुणी शिकलं नसेल, तर घाण्यांमागून घाणे वाया घालवण्याला पर्याय नसतो.

चिपच्या कारखान्यात वाया जाणाऱ्या घाण्याची किंमत लाखो डॉलर असते. ताटलीएवढ्या सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो चिप एकाच वेळी घडतात. शेकडो प्रक्रिया होतात आणि चकती तयार व्हायला तीनेक महिने लागतात. सगळ्यात बारीक रेषा उमटवणारं यंत्र नेदरलँड्सची एएसएमएल ही एकच कंपनी बनवते. त्यात वितळलेल्या कथलाचे थेंब सेकंदाला सुमारे ५०,००० या गतीने सोडतात आणि प्रत्येक थेंबावर लेझरचा मारा करतात. त्यातून निघणाऱ्या अदृश्य प्रकाशाने चकतीवर नक्षी उमटते. हे यंत्र पैसे मोजून मिळतं. पण ते कुरकुरायला लागलं की नेमकं काय बिघडलंय हे ओळखणारा माणूस तयार व्हायला वर्षं जातात.

या व्यवसायात ‘यील्ड’ हा शब्द सतत कानावर पडतो. शंभर चिप घडवल्या तर त्यातल्या चालू किती, याचं ते प्रमाण. समजा एका चकतीवर ५०० चिप आहेत. एका कारखान्यात ९० टक्के यील्ड असेल तर ४५० विकता येतात, दुसऱ्यात ६० टक्के असेल तर ३००. चकतीवरचा खर्च तेवढाच, पण दुसऱ्या कारखान्यात एकेक चिप दीडपट महाग पडली. तीच यंत्रं, तोच आराखडा; फरक माणसांच्या हातांचा.

तैवानच्या टीएसएमसी कंपनीने मे २०२० मध्ये ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सला १२ अब्ज डॉलरचा कारखाना जाहीर केला, तेव्हा हेच घडलं. कंपनीने शेकडो अमेरिकी इंजिनीअरना वर्ष-दीड वर्ष तैवानमधल्या ताइनान इथे शिकायला पाठवलं. २०२३ मध्ये यंत्रं बसवण्यासाठी पुरेसे कसबी कामगार नाहीत असं सांगून उत्पादनाची मुदत २०२४ वरून २०२५ वर ढकलली आणि तैवानहून सुमारे ५०० माणसं आणण्याची परवानगी मागितली. ॲरिझोनातल्या बांधकाम कामगारांच्या संघटना खवळल्या. करदात्यांच्या पैशातून अनुदान घ्यायचं आणि माणसं बाहेरून आणायची, हा त्यांचा आक्षेप होता. कंपनीचं म्हणणं होतं, की हे काम आधी केलेली माणसंच इथे नाहीत. दोघांचंही खरं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांच्यात करार झाला आणि स्थानिकांना शिकवण्याची हमी त्यात आली.

२०२४ मध्ये फिनिक्सच्या सुमारे २,२०० कर्मचाऱ्यांपैकी जवळपास निम्मे तैवानहून आलेले होते. त्या वर्षाच्या अखेरीस चिप निघू लागल्या आणि एक सुखद आश्चर्य समोर आलं. कंपनीच्या अमेरिकेतल्या प्रमुखांनी सांगितलं, की फिनिक्समधलं यील्ड तैवानमधल्या तशाच कारखान्यांपेक्षा सुमारे चार टक्क्यांनी जास्त आहे. अमेरिकी माणसाला हे काम जमणारच नाही, असं म्हणणाऱ्यांना ते चोख उत्तर होतं. शिकवणारा शेजारी उभा राहिला, शिकायला वेळ मिळाला, आणि काम जमलं.

याच्या अगदी उलट प्रकार सप्टेंबर २०२५ मध्ये जॉर्जिया राज्यात घडला. ह्युंदाई आणि एलजी यांच्या बॅटरी कारखान्याचं बांधकाम चालू असताना इमिग्रेशन अधिकाऱ्यांनी छापा घालून सुमारे ४७५ जणांना ताब्यात घेतलं. त्यात तीनशेहून जास्त कोरियन होते, आणि त्यांतले बरेच यंत्रं बसवून चालू करून देण्यासाठी आलेले. व्हिसाचे नियम मोडले गेले असतील तर ते तपासायलाच हवेत. पण परदेशी कंपन्यांना कारखाने काढा म्हणायचं, आणि ते चालू करून देणाऱ्यांना बेड्या घालून घरी पाठवायचं, हे एकाच सरकारच्या हातून झालं; त्याने कारखान्याचं काम रखडलं आणि स्थानिकांच्या नोकऱ्याही लांबल्या.

चिपचं घोडं अजून एका ठिकाणी अडतं. फिनिक्समध्ये घडलेली चिप तशीच संगणकात बसत नाही. ती कापून, इतर चिपबरोबर जोडून बंदिस्त करावी लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये एनव्हिडियाच्या ब्लॅकवेल चिपची पहिली अमेरिकी चकती फिनिक्समध्ये तयार झाली, पण या शेवटच्या कामाची प्रगत सोय अजून तैवानमध्येच होती. ॲमकोर ही कंपनी फिनिक्सजवळ त्यासाठी कारखाना बांधते आहे.

५. घोषणा आणि माती

जुलै २०१७ मध्ये व्हाइट हाउसमध्ये फॉक्सकॉनचे प्रमुख टेरी गौ यांनी विस्कॉन्सिन राज्यात १० अब्ज डॉलर गुंतवण्याची आणि १३,००० नोकऱ्या देण्याची घोषणा केली. माउंट प्लेझंट या गावात टीव्हीचे अवाढव्य पडदे बनणार होते. राज्याने सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या. जून २०१८ मध्ये ट्रम्प यांनी स्वतः फावडं चालवलं आणि हे जगातलं आठवं आश्चर्य ठरेल असं सांगितलं.

जाणकारांना शंका आली ती काचेवरून. या पडद्यांसाठी लागणारी काच प्रत्येक बाजूने तीन मीटरच्या आसपास असते. एवढी पातळ आणि एवढी मोठी काच लांबून आणता येत नाही, काचेचा कारखाना शेजारीच लागतो. तो कुणी उभारलाच नाही. आधी पडद्याचा आकार कमी केला गेला, मग योजना बदलत गेल्या, आणि एप्रिल २०२१ मध्ये नवा करार झाला: ६७ कोटी २० लाख डॉलर गुंतवणूक आणि १,४५४ नोकऱ्या. सवलतीही ८ कोटींवर आल्या. बहुतेक सवलती नोकऱ्या दिल्यावरच मिळणार होत्या, म्हणून राज्याची मोठी रक्कम वाचली. पण जमिनीसाठी घरं सोडून गेलेल्या कुटुंबांना ती घरं परत मिळाली नाहीत, आणि रस्त्यांवर, पाण्यावर झालेला खर्च स्थानिक संस्थांच्या डोक्यावर राहिला. त्या जागेच्या मोठ्या भागावर आता मायक्रोसॉफ्टचं डेटा सेंटर उभं राहतं आहे.

मराठी वाचकाला फॉक्सकॉन हे नाव परकं नाही. याच कंपनीने ऑगस्ट २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारशी ५ अब्ज डॉलर आणि ५०,००० नोकऱ्यांचा सामंजस्य करार केला होता. जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी तो आता होणार नसल्याचं सांगितलं. घोषणेतल्या आकड्यावर विसंबून गावाने जमीन आणि कर्ज पणाला लावू नये, ही गोष्ट माउंट प्लेझंटइतकीच महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाला लागू आहे.

६. आयातकर लावला तर?

बाहेरून येणारा माल महाग केला की कंपन्या आपोआप देशात कारखाने काढतील, हा दुसरा मार्ग. तो अगदीच निष्फळ नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये आयात वॉशिंग मशीनवर २० ते ५० टक्के कर लागू झाला. सॅमसंगने साउथ कॅरोलिनात आणि एलजीने टेनेसीत कारखाने चालू केले. ॲरन फ्लेन, अली होर्टाचसू आणि फेलिक्स टिंटेलनॉट या अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशोब केला, तेव्हा सुमारे १,८०० नोकऱ्या वाढल्याचं दिसलं.

त्याची किंमत किती पडली? वॉशिंग मशीन सरासरी ८६ डॉलरने महागलं. गंमत म्हणजे कपडे वाळवणाऱ्या ड्रायरवर कर नव्हता, तरी तोही ९२ डॉलरने महागला, कारण अमेरिकेत ही दोन्ही यंत्रं जोडीने विकली जातात आणि दुकानदारांनी वाढ दोन्हींवर वाटून टाकली. ग्राहकांच्या खिशातून वर्षाला सुमारे दीड अब्ज डॉलर जास्त गेले. सरकारी तिजोरीत करापोटी जमलेले ८ कोटी २० लाख वजा केले आणि १,८०० ने भागलं, तर दर नोकरीमागे सुमारे ८ लाख डॉलर येतात. कामगाराच्या हातात यातला छोटासाच वाटा पडला.

७. लुइव्हिलचा बंब

तरीही कारखाने परत आणण्यात अर्थ आहे, आणि त्याचा सगळ्यात बोलका पुरावा केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात आहे. जनरल इलेक्ट्रिकचं ‘अप्लायन्स पार्क’ इतकं मोठं, की त्याला स्वतःचा पिनकोड आहे. १९७३ मध्ये तिथे २३,००० माणसं काम करत. २०११ पर्यंत ती दोन हजारांच्याही खाली आली.

तेव्हा कंपनीने पाणी तापवण्याचा विजेचा नवा बंब, जिओस्प्रिंग, चीनऐवजी तिथेच बनवायचं ठरवलं. आराखडा मांडून इंजिनीअर, यंत्रतज्ज्ञ आणि प्रत्यक्ष जोडणी करणारे कामगार एका खोलीत बसले. आतल्या तांब्याच्या नळ्यांचं जंजाळ पाहूनच कामगारांच्या लक्षात आलं, की याला डाग देणं महाकर्मकठीण आहे. आखणाऱ्यांना हे आजवर कळलंच नव्हतं, कारण आखणी एका देशात आणि जोडणी दुसऱ्या देशात होत होती. नळ्यांची मांडणी मुळापासून बदलली. सामानाचा खर्च सुमारे पाव हिश्शाने घटला, जोडणीचा वेळ दहा तासांवरून दोन तासांवर आला, आणि १,५९९ डॉलरचा बंब १,२९९ ला विकता आला. अमेरिकेत बनून तो स्वस्त झाला.

या बंबाची कहाणी इथे थांबवली तर ती अर्धवट राहील. परत आलेल्या बहुतेक नोकऱ्यांचा पगार तासाला साधारण साडेतेरा डॉलरपासून सुरू होत होता, जुन्या दरापेक्षा बराच कमी. २०१६ मध्ये चीनच्या हायर कंपनीने हा सगळा विभाग ५.४ अब्ज डॉलरला विकत घेतला आणि पुढे जिओस्प्रिंगचं तिथलं उत्पादनही थांबलं. पण पार्क चालू राहिलं. जून २०२५ मध्ये कंपनीने चीनमधलं वॉशिंग मशीनचं काम लुइव्हिलला आणण्यासाठी ४९ कोटी डॉलरची गुंतवणूक जाहीर केली. त्यातून ८०० नोकऱ्या येणार आहेत. ज्या आवारात कधीकाळी २३,००० माणसांची वर्दळ होती तिथे आठशे. परतीचं प्रमाण हे असं आहे, आणि ते लपवण्यात कुणाचंच हित नाही.

८. मग पैसा कुठे घालायचा?

९ ऑगस्ट २०२२ रोजी बायडन यांनी चिप उद्योगासाठीच्या कायद्यावर सही केली. त्यात कारखान्यांसाठी ३९ अब्ज डॉलरचं अनुदान होतं. जगाच्या चिप उत्पादनक्षमतेतला अमेरिकेचा वाटा १९९० मधल्या ३७ टक्क्यांवरून २०२० पर्यंत १२ टक्क्यांवर घसरला होता, आणि सगळ्यात प्रगत चिपचं बहुतेक उत्पादन तैवान या एका बेटावर दाटलं होतं. तिथे भूकंप किंवा युद्ध झालं तर जगातल्या मोटारींपासून इस्पितळातल्या यंत्रांपर्यंत सगळंच अडेल. या धोक्यासाठी खर्च करणं शहाणपणाचंच आहे.

पण नोकऱ्यांचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. एप्रिल २०२४ मध्ये टीएसएमसीची फिनिक्समधली गुंतवणूक ६५ अब्ज डॉलरवर गेली. तीन कारखाने मिळून कायमच्या थेट नोकऱ्या सुमारे ६,०००. भागाकार केला तर एका नोकरीमागे जवळपास १ कोटी ८ लाख डॉलर. आयफोन जुळवणाऱ्या चीनमधल्या झेंगझोऊच्या एकाच कारखान्यात हंगामात दोन लाखांच्या घरात माणसं असतात. चिपचा कारखाना म्हणजे अतिशय महाग यंत्रं आणि मोजकी, उत्तम शिकलेली माणसं. देशाची सुरक्षितता त्यातून मिळेल, ब्लूमिंग्टनची पोकळी त्यातून भरणार नाही.

आणि मोजक्या माणसांना शिकवायला किती ठेवले? त्याच वेळी सरकारशी झालेल्या प्राथमिक करारात टीएसएमसीला ६.६ अब्ज डॉलरचं अनुदान होतं आणि खास मनुष्यबळासाठी ५ कोटी. म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. कंपनी स्वतःच्या पैशातून शिकवते हे खरं, तरी हे प्रमाण उलगडत नाही. इतकी वर्षं स्क्रूपासून चिपपर्यंत प्रत्येक ठिकाणी अडलं ते माणसांपाशी, आणि सरकारची थैली सुटली ती इमारतींसाठी.

माणसांना कारखान्यात यायचंच नाही, असंही म्हटलं जातं. केटो इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या पाहणीत ८० टक्के अमेरिकी लोक म्हणाले, की कारखान्यांत जास्त माणसं कामाला असती तर देशाचं भलं झालं असतं; स्वतः कारखान्यात काम केलं असतं तर आपलं भलं झालं असतं असं म्हणणारे फक्त २५ टक्के होते. हा आकडा दाखवून अनेकांनी सगळी चर्चाच निकालात काढली. नीट पाहिलं तर तो निराशेचा आकडा नाही. आज कारखान्यात काम करणारे आठ टक्के आहेत, आणि त्यांच्या तिपटीला ते काम आपल्या फायद्याचं वाटतं. त्यांना हवा आहे तो घर चालेल असा पगार आणि काम शिकवणारं कुणीतरी.

त्या दिशेने थोडं होऊ लागलं आहे. फिनिक्सच्या परिसरातली सामुदायिक महाविद्यालयं दहा दिवसांत चिप कारखान्याची तोंडओळख करून देतात. दहा दिवसांत कुणी तंत्रज्ञ होत नाही, पण हे काम आपल्याला झेपेल का, एवढं त्यात कळतं. टीएसएमसीने २०२४ मध्ये पगारी शिकाऊ उमेदवारीही सुरू केली. ऑगस्ट २०२५ मध्ये ॲपलने मिशिगन स्टेट विद्यापीठाबरोबर डेट्रॉइटमध्ये छोट्या आणि मध्यम कारखानदारांसाठी विनामूल्य प्रशिक्षणकेंद्र उघडलं. यंत्रातला बिघाड आकड्यांवरून आधीच कसा ओळखायचा, कॅमेऱ्याने सदोष नग कसा वेगळा काढायचा, हे तिथे ॲपलचे इंजिनीअर शिकवतात. समोर बसतात ती अशा छोट्या-मध्यम वर्कशॉपमधली माणसं, आणि शिकून ती आपापल्या यंत्रांपाशी परत जातात.